होनाजी-बाळा आणि चितळकर-चॉकलेट

मराठी शाहिरी काव्य शिकवताना ‘होनाजी बाळा’ हे नाव आपण एका दमात उच्चारतो. वर्गातल्या निम्म्या विद्यार्थ्यांना ते एकाच माणसाचे नाव वाटते. मग होनाजी शिलारखाने हा कवी आणि बाळा करंजकर हा त्याची कवने फडात गाणारा साथीदार, असा खुलासा करावा लागतो. खुलासा सोपा आहे, पण त्यामागची गोष्ट विचार करण्याजोगी आहे. रचणारा एक आणि ती रचना लोकांच्या कानांपर्यंत नेणारा दुसरा, अशी विभागणी असताना श्रेय कोणाचे, हा प्रश्न उत्तर पेशवाईतल्या श्रोत्यांनी परस्पर सोडवून टाकला होता. त्यांनी दोन्ही नावे जोडली आणि पुढच्या पिढ्यांनी ती जोडलेलीच ठेवली.

या होनाजीवर व्ही. शांताराम यांनी काढलेला ‘अमर भूपाळी’ १९५१ सालचा. त्याच वर्षी भगवानदादांचा ‘अलबेला’ आला. संगीत सी. रामचंद्रांचे, म्हणजे रामचंद्र नरहर चितळकरांचे. त्यातल्या ‘दीवाना परवाना’ या गाण्यात पडद्यावर एक वाद्यवृंद दिसतो. झालरीच्या बाह्यांचे लॅटिन धाटणीचे सदरे घातलेले वादक आहेत आणि त्यांच्यामध्ये ट्रंपेट वाजवणारा एक सावळा, हसरा माणूस आहे. प्रेक्षकांपैकी बहुतेकांनी त्याला नट समजून सोडून दिले असेल. तो नट नव्हता. तो चिक चॉकलेट होता, मुंबईच्या जॅझवर्तुळात ‘भारताचा लुई आर्मस्ट्राँग’ म्हणून ओळखला जाणारा वादक आणि चितळकरांचा सहायक. होनाजीला बाळा मिळाला आणि परंपरेने त्यांची नावे जोडली. चितळकरांना चिक मिळाला, पण ती नावे मात्र जोडली गेली नाहीत. असे का झाले आणि त्यामुळे आपल्या आकलनात नेमकी कोणती उणीव राहिली, हे पाहण्याचा आमचा प्रयत्न आहे.

प्रथम चितळकरांकडे पाहू. जन्म १२ जानेवारी १९१८, अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या पुणतांब्याचा. त्यांच्या संगीतशिक्षणाचा एक महत्त्वाचा टप्पा आमच्या नागपुरात घडला. येथे शंकरराव सप्रे यांच्या विद्यालयात ते शिकले. त्याच गुरूंकडे वसंतराव देशपांडेही शिकले, हे नागपूरकर अभिमानाने सांगतात. पुण्याला विनायकबुवा पटवर्धनांच्या गांधर्व महाविद्यालयाचेही संस्कार त्यांच्यावर झाले. म्हणजे पाया राग, ताल, बंदिश आणि भजन यांचा. पुढे नायक होण्याच्या ओढीने ते चित्रपटात गेले, अभिनयात फसले, सोहराब मोदींच्या मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये हार्मोनियमवर बसले आणि तेथून संगीत-दिग्दर्शनाकडे वळले. हिंदीत ‘सुखी जीवन’ (१९४२) या भगवानदादांच्या चित्रपटापासून त्यांची वाटचाल सुरू झाली. भगवानदादांचा जन्मही विदर्भातला, अमरावतीचा. ‘अलबेला’च्या झगमगाटामागची ही वऱ्हाड-नागपूरची पार्श्वभूमी सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

नागपुरात वाढलेल्या, रागसंगीत शिकणाऱ्या मुलाच्या लेखी ट्रंपेट म्हणजे काय असेल? आम्ही महालात राहतो. बडकस चौकातून किंवा गांधी गेटाजवळून लग्नाची वरात जाते तेव्हा बँडवाल्यांची पितळी वाद्ये दुरूनच ऐकू येतात. क्लॅरिनेट, ट्रंपेट, क्वचित सॅक्सोफोन, आणि त्यांच्यावर चालू मोसमातले गाजलेले गाणे. ही वाद्ये आपल्याकडे पलटणींच्या बँडांतून आली आणि मिरवणुकीत स्थिरावली. त्यांचा आवाज आनंदाचा, पण रस्त्याचा. घरातल्या तंबोऱ्याशी त्याचे नाते नव्हते. चितळकरांचे शिक्षण तंबोऱ्याच्या बाजूचे होते. पितळी वाद्यांचा दुसरा, वेगळा वंश त्यांना मुंबईत भेटला आणि तो वंश गोव्याचा होता.

चिक चॉकलेटचे मूळ नाव आंतोनियो झेवियर वाझ. जन्म १९१६, बार्देशातल्या हळदोणे गावचा. त्या काळच्या गोव्यात गावोगावच्या चर्चला जोडून शाळा असत. तेथे मुलांना अक्षरओळखीबरोबर स्वरलिपी वाचायला शिकवत. ‘मेस्त’ म्हणजे गायनमास्तर पोरांकडून सोल्फा घोटून घेई, व्हायोलिन हाती देई, प्रार्थनेसाठी गायकवृंद तयार करी. परिणाम असा झाला की ज्या काळात उर्वरित हिंदुस्थानात संगीत म्हणजे गुरुमुखातून कानी येणारी गोष्ट होती, त्या काळात गोव्यातल्या शेतकऱ्याचा मुलगा कागदावरचे अपरिचित संगीत पाहताक्षणी वाचून वाजवू शके. पोर्तुगीज राज्यात रोजगार नव्हता, म्हणून ही मुले ब्रिटिश मुंबईत येत, धोबीतलावाच्या आसपास आपापल्या गावाच्या कुडात उतरत आणि काम शोधत. चिकच्या आईला मुलाने मेकॅनिक व्हावे असे वाटत होते म्हणतात. मुलाने ट्रंपेट धरला.

त्याच सुमारास मुंबईत एक नवे वारे आले होते. १९३५ साली लिऑन अ‍ॅबी हा कृष्णवर्णी अमेरिकन वाद्यवृंदप्रमुख आपला ताफा घेऊन ताजमहाल हॉटेलात आला. त्याच्यामागून ट्रंपेटवादक क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफर्ड आले. वेदरफर्ड तर या देशातच राहिला आणि १९४५ साली कलकत्त्याला वारला. अमेरिकेत वर्णभेदाचा जाच सोसणाऱ्या या कलावंतांना आशियातल्या हॉटेलांत मान आणि पैसा मिळे. त्यांच्या शेजारी बसून गोमंतकीय वादकांनी जॅझ आत्मसात केला. कागदावरचे वाचण्यात ते आधीच तरबेज होते. कागदावर नसलेले, ऐन वेळी सुचणारे वाजवायला ते आता शिकले. आम्हांला ही घटना फार मोलाची वाटते. रागसंगीतातल्या उपजेशी जॅझचे जे दूरचे नाते आहे, ते गोव्याच्या या मुलांनी अमेरिकेकडून घेतले, शेजारच्या महाराष्ट्राकडून नव्हे. १९४०च्या दशकाच्या मध्यापर्यंत चिकने ‘म्युझिक मेकर्स’ हा स्वतःचा वाद्यवृंद उभा केला होता आणि ताजशेजारच्या ग्रीन्स हॉटेलात तो वाजत होता. आज ते हॉटेल नाही. त्या जागी ताजची मनोरा-इमारत आहे.

मग हे दोन प्रवाह एकत्र कसे आले? कारण बरेचसे आर्थिक होते. गोरा गिऱ्हाईक १९४७ नंतर ओसरला. मुंबई सरकारचा दारूबंदीचा कायदा १९४९ सालचा. ज्या नृत्यगृहांवर वादकांचे पोट होते, ती एकेक करून मंदावली. त्याच वेळी हिंदी चित्रपटाचे गाणे मोठे होत होते. पूर्वीच्या पाच-सात साजिंद्यांच्या जागी व्हायोलिनांचा ताफा आणि पितळी वाद्यांची रांग येऊ लागली होती. पंचवीस-तीस माणसे एकाच वेळी, एकाच तालात, वेगवेगळे स्वर वाजवणार, तर ते कोणीतरी कागदावर मांडले पाहिजेत. संगीत-दिग्दर्शकांपैकी फार थोड्यांना पाश्चात्त्य स्वरलिपी येत होती. गोमंतकीय वादकाला ती येत होती. रात्री हॉटेलात वाजवणारा माणूस दिवसा ध्वनिमुद्रणाला येऊ लागला आणि त्यांतला जाणता ‘अरेंजर’ झाला.

कामाची रीत साधारण अशी असे. संगीत-दिग्दर्शक हार्मोनियमवर चाल बांधून गाऊन दाखवी. अरेंजर ती लिहून घेई. कोणत्या ओळीमागे व्हायोलिन, कोठे नुसता ताल, कोठे ट्रंपेट, हे ठरे. दोन कडव्यांच्या मधली जी सुरावट, तिचा आराखडा कधी दिग्दर्शक गुणगुणून देई, कधी फक्त भाव सांगे आणि बाकीचे अरेंजरवर सोपवी. मग प्रत्येक वाद्याची प्रत वेगळी लिहिली जाई, तालमी होत आणि गायकासह सगळे एका दमात ध्वनिमुद्रित होई. या व्यवहारात ‘चाल’ कोठे संपते आणि ‘सजावट’ कोठे सुरू होते, ते सांगणे अवघड आहे. श्रोत्याच्या मनात गाणे त्याच्या सुरुवातीच्या वाद्यसंगीतासकट राहते. ‘अलबेला’तले ‘शोला जो भडके’ आठवून पाहावे. बोंगोचा ठेका आणि पितळी-काष्ठवाद्यांची झुळूक कानात आल्यावरच शब्द येतात. ती झुळूक काढून टाकली तर जे उरते ते तेच गाणे असते का?

‘समाधी’ (१९५०), ‘अलबेला’ (१९५१), ‘शिनशिनाकी बुबला बू’ (१९५२), ‘आशा’ (१९५७) या चित्रपटांशी चिकचे नाव जोडले जाते. यांतली पहिली पायरी उसनवारीची होती, हे मान्य केले पाहिजे. ‘समाधी’तले ‘गोरे गोरे’ हे एडमंडो रॉस यांच्या वाद्यवृंदाने गाजवलेल्या एका लॅटिन गाण्यावरून घेतलेले आहे. पण उसने घेतलेल्या ठेक्यावर लता मंगेशकर आणि अमीरबाई कर्नाटकी यांचे आवाज आले, राजेंद्र कृष्ण यांनी नायकाला ब्रजभाषेच्या वळणाचे संबोधन दिले, आणि क्यूबाच्या बाजूचा ताल जत्रेतल्या थट्टेच्या गाण्यासारखा ऐकू येऊ लागला. अनुवाद आणि रूपांतर यांतला जो फरक आपण वर्गात शिकवतो, त्याचे याहून चांगले उदाहरण शोधावे लागेल.

‘अलबेला’त पुढची पायरी आहे. तेथे उसनेपण जवळजवळ मावळले आहे. या चित्रपटाचे वैशिष्ट्य असे की त्यात एकीकडे नाचाची, पितळी वाद्यांची गाणी आहेत आणि दुसरीकडे पिलूच्या अंगाची ‘धीरे से आजा’ ही अंगाई आहे. दोन्ही गटांत लताबाईंच्या जोडीला चितळकरांचा स्वतःचा आवाज आहे. ही दोन टोके एकाच मनातून आली आहेत हे ऐकताना पटते, आणि ते का पटते याचे एक कारण आम्हांला सुचते. पिलूमध्ये दोन्ही गंधार आणि दोन्ही निषाद लागतात. शुद्ध आणि कोमल यांच्या दरम्यानची ही हेलकावणारी अवस्था पिलूचा प्राण आहे. जॅझच्या मुळाशी असलेल्या ब्लूजमध्येही गंधार आणि निषाद असेच अस्थिर असतात, आणि आर्मस्ट्राँगच्या वळणाचा ट्रंपेटवादक ओठांच्या दाबाने तो स्वर किंचित खाली ओढतो. या साम्यावर सिद्धांत उभारण्याची आमची इच्छा नाही. दोन परंपरांचा इतिहास वेगळा आहे. तरीही सप्रे गुरुजींच्या शिष्याच्या कानाला चिकच्या ट्रंपेटमध्ये काहीतरी ओळखीचे ऐकू आले असावे, एवढे म्हणायला हरकत नसावी. मिरवणुकीतल्या ट्रंपेटमध्ये हा हेलकावा नव्हता.

‘आशा’तल्या ‘ईना मीना डीका’पर्यंत हा सहवास खेळकर झालेला दिसतो. त्या निरर्थक शब्दांच्या जन्माची एक कथा सांगतात. चितळकरांच्या खोलीबाहेर मुले इंग्रजी मोजणीचे बडबडगीत म्हणत होती. ते ऐकून आत शब्दांचा खेळ सुरू झाला आणि जॉन गोम्स या त्यांच्या गोमंतकीय सहायकाने त्यात कोकणी ‘माका नाका’ची भर घातली. कथा तंतोतंत खरी असो वा नसो, तिच्यातले वास्तव खरे आहे. एका मराठी संगीतकाराच्या बैठकीत इंग्रजी, हिंदी, कोकणी एकत्र नांदत होत्या आणि त्यांतून उमटलेले गाणे किशोरकुमारांच्या तोंडी देशभर पोचले. गोवा तेव्हा अजून परदेश होता. तो १९६१ साली मुक्त झाला. मराठी-कोकणी वादाची पाने आपल्या वाङ्मयेतिहासात पुष्कळ आहेत. त्या वादाच्या ऐन काळात एका ध्वनिमुद्रणगृहात हे दोन भाषक काय करत होते, त्याचे पान मात्र कोरे आहे.

जॅझच्या जगात संगीतकार आणि वादक यांच्या नात्याचा विचार अधिक मोकळेपणाने झाला आहे. ड्यूक एलिंग्टन यांचे उदाहरण प्रसिद्ध आहे. ते वाद्यवृंदासाठी संगीत लिहिताना प्रतींवर वाद्याचे नाव न लिहिता वादकाचे नाव लिहीत. ‘ऑल्टो सॅक्सोफोन’साठी नव्हे, जॉनी हॉजेससाठी. हॉजेस मधली काही वर्षे सोडता १९२८ पासून १९७० साली मृत्यू येईपर्यंत त्यांच्याजवळ राहिला, आणि एलिंग्टन यांच्या कितीतरी रचना त्याच्या स्वराच्या लांबीरुंदीने मापून शिवलेल्या आहेत. कूटी विल्यम्स या ट्रंपेटवादकासाठी त्यांनी १९४० साली केलेल्या रचनेच्या नावातच ‘कूटी’ आहे. म्हणजे वादक हा रचनेचा केवळ वाहक नसतो. तो तिच्या कारणांपैकी एक असतो. तो नसता तर ती रचना सुचलीच नसती.

चितळकर आणि चिक यांच्याबाबतीत हे किती लागू पडते, याची एक सोपी कसोटी आहे. दोघांनी एकमेकांवाचून काय केले ते पाहावे. ‘अनारकली’ (१९५३) हे चितळकरांचे दुसरे रूप आहे. तेथे ट्रंपेटची गरज नाही. रागदारीच्या सावलीतल्या, लताबाईंच्या गळ्यावर तोललेल्या त्या चाली सर्वस्वी त्यांच्या आहेत. २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीत लताबाईंनी गायलेले ‘ऐ मेरे वतन के लोगो’ही तसेच. म्हणून ‘खरे संगीत अरेंजरांचेच, संगीतकार नुसते नावाचे’ असा जो सूर अलीकडे कधी कधी ऐकू येतो, तो आम्हांला मान्य नाही. एक अन्याय दूर करताना दुसरा करण्याचे कारण नाही.

उलट बाजू अधिक रंजक आहे. चिकने स्वतंत्रपणेही काही चित्रपटांना संगीत दिले. ‘नादान’ (१९५१), ‘रंगीली’ (१९५२), ‘कर भला’ (१९५६). ‘नादान’मध्ये देव आनंद आणि मधुबाला होते. आज यांतले जे गाणे रसिकांच्या ओठांवर आहे ते तलत महमूद यांचे ‘आ तेरी तस्वीर बना लूँ’. आर्मस्ट्राँगचा चाहता, रात्री ग्रीन्समध्ये फॉक्सट्रॉट वाजवणारा हा माणूस स्वतःच्या नावाने चाल द्यायला बसला, तेव्हा त्याच्याकडून पाझरले ते असे हळुवार, गझलेच्या वळणाचे गाणे. आम्ही याचा अर्थ असा लावतो की देणेघेणे एकाच दिशेचे नव्हते. चिकने चितळकरांना ठेका, पितळी वाद्यांचा उल्हास आणि मांडणीची शिस्त दिली, हे सर्वजण मान्य करतात. चितळकरांच्या हार्मोनियमशेजारी बसून चिक काय शिकला, ते या एका गाण्यात ऐकू येते. शब्दाला धरून स्वर कसा चालतो, कोणत्या अक्षरावर थांबायचे आणि कोणत्या अक्षराला हलकेच सोडून द्यायचे, हे हॉटेलातल्या नाचाच्या संगीतात शिकता येत नाही.

मग नावे जोडली का गेली नाहीत? पहिले कारण व्यवसायाचे. वादकाला दिवसाचा मेहनताना मिळे, तबकडीवर नाव येत नसे. दुसरे कारण अभिरुचीचे आहे, आणि ते आपल्याला अधिक लागते. १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणीमंत्री झाले आणि आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. श्रोते सिलोनकडे वळले. केसकरांच्या धोरणामागे शास्त्रीय संगीताविषयीची खरी कळकळ होती, हे नाकारता येत नाही. त्या कळकळीने अनेक गुणी गायक-वादकांना आधारही दिला. पण शुद्ध म्हणजे आपले आणि मिश्र म्हणजे भ्रष्ट, हे समीकरण त्याच काळात पक्के झाले. मराठी सुशिक्षितांनी चितळकरांचेही दोन भाग केले. ‘अनारकली’चे चितळकर आदराचे आणि ‘ईना मीना’चे चितळकर थट्टेचे. ज्या अर्ध्या भागाची थट्टा झाली, त्याच भागात चिक होता. चितळकरांना उरलेल्या अर्ध्याने तारले. चिकला तारणारे काही उरले नाही. मे १९६७ मध्ये तो मुंबईत वारला, वयाच्या पन्नाशीच्या आसपास. चितळकर ५ जानेवारी १९८२ रोजी गेले.

हे नाते त्या दोघांबरोबर संपले नाही. शंकर-जयकिशन यांच्यामागे सेबॅस्टियन डिसोझा होते. सलील चौधरी यांच्या प्रोत्साहनाने १९५८ साली कलकत्त्याहून मुंबईला आलेले मनोहारी सिंग हे सॅक्सोफोनवादक पुढे राहुलदेव बर्मन यांचे सहायक आणि जिवलग झाले. ‘आराधना’तल्या ‘रूप तेरा मस्ताना’मधला सॅक्सोफोन त्यांचाच. बासुदेव चक्रवर्ती यांच्यासह ‘बासू-मनोहारी’ या नावाने त्यांनी १९७६ साली ‘सबसे बडा रुपैया’ला संगीत दिले, पण श्रोत्यांना ते नाव फारसे आठवत नाही. १३ जुलै २०१० रोजी ते गेले. आकृती तीच राहिली, माणसे बदलली. एकविसाव्या शतकात ग्रेगरी बूथ यांचे ‘बिहाइंड द कर्टन’ आणि नरेश फर्नांडिस यांचे ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ या इंग्रजी पुस्तकांनी या वादकांना त्यांची नावे परत दिली. मराठीत चित्रपटसंगीतावर उदंड लिहिले गेले आहे, परंतु त्यातला बहुतेक मजकूर गायक, कवी आणि संगीतकार या त्रिकोणाबाहेर पडत नाही.

साहित्याच्या अभ्यासकांनी यात लक्ष का घालावे, असे कोणी विचारील. आमच्या मते हा प्रश्न आपलाच आहे. कर्ता कोण, संहिता कोणती, प्रयोग म्हणजे काय, या प्रश्नांशी आपण कीर्तन, लावणी, नाटक, तमाशा शिकवताना रोज झगडतो. लावणीची छापील संहिता हाती घेऊन आपण वृत्त मोजतो आणि ढोलकीवाल्याला तळटीपही देत नाही. चित्रपटगीताचे शब्द अभ्यासक्रमात आले तरी त्यांच्यामागचा ट्रंपेट येत नाही, कारण तो आपल्या लिपीत लिहिता येत नाही. पण चिकने तो लिहिला होता, पाच समांतर रेघांवर, वादकांना पाहताक्षणी वाचता येईल असा. तेव्हा विद्यार्थ्यांना ‘अलबेला’ दाखवावा, शब्दांकडे थोडे दुर्लक्ष करून कडव्यांच्या मधल्या जागा ऐकायला सांगाव्यात, आणि ‘दीवाना परवाना’त झालरीचा सदरा घातलेला तो सावळा माणूस पडद्यावर आला की त्याचे नाव सांगावे. होनाजीबरोबर बाळाचे नाव सांगायला आपण शिकलो आहोतच.